हजेरीपटाबाहेरचा आजार : ॲस्बेस्टॉस, फुप्फुसाचा कर्करोग आणि सोलापूरचा कामगार

ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम करणाऱ्या माणसाला फुप्फुसाचा कर्करोग होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी अधिक असतो, हे वैद्यकशास्त्राने सत्तर वर्षांपूर्वीच दाखवून दिले. तरीही भारतात हा आजार कागदावर क्वचितच उतरतो, आणि याचे मोठे कारण आजाराच्या स्वभावातच दडलेले आहे. धूळ आज श्वासातून आत जाते आणि कर्करोग वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी प्रकट होतो; तोपर्यंत कामगार निवृत्त झालेला असतो, कारखाना बंद पडलेला असतो, जुने हजेरीपट रद्दीत गेलेले असतात, आणि दवाखान्यात त्याला विडी ओढता का एवढाच प्रश्न विचारला जातो. तुम्ही कोणते काम केले, कोणत्या खात्यात केले आणि किती वर्षे केले, हा प्रश्न राहूनच जातो. सोलापूरसारख्या शहरात तर तो विचारणे विशेष गरजेचे आहे, कारण गिरणीची वाफ, यंत्रमागाची कारखानदारी, मालमोटारींचा महामार्ग, सिमेंटच्या पत्र्यांची छपरे आणि विडीचा धंदा या सर्व गोष्टी येथे एकाच माणसाच्या आयुष्यात एकत्र येऊ शकतात.

तंतुमय रचना असलेल्या सहा सिलिकेट खनिजांना मिळून ॲस्बेस्टॉस म्हणतात. त्यांतील क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस, हा सर्पेंटाइन गटातला असून त्याचे तंतू कुरळे व लवचिक असतात. क्रोसिडोलाइट म्हणजे निळा आणि ॲमोसाइट म्हणजे तपकिरी ॲस्बेस्टॉस हे ॲम्फिबोल गटातले असून त्यांचे तंतू सरळ, सुईसारखे ताठ असतात. घायपाताच्या पानातून वाख सुटावा तसे या दगडातून धागे सुटतात, ते पिंजता येतात, कातता येतात, विणता येतात, आणि तरीही ते जळत नाहीत, आम्लाला सहजी दाद देत नाहीत व ताण सोसतात. एकाच पदार्थात इतके गुण क्वचितच एकत्र येत असल्यामुळे वाफेच्या यंत्रांचे युग सुरू होताच बॉयलरभोवतीच्या लेपापासून ते नळांच्या सांध्यांतील दोरीपर्यंत आणि पुढे ब्रेकच्या लायनरपासून ते छपराच्या पत्र्यापर्यंत तो सर्वत्र पोहोचला.

जो गुण त्याला उपयुक्त करतो तोच त्याला घातक बनवतो. हा तंतू आडवा तुटण्यापेक्षा उभा चिरत जातो आणि अधिकाधिक बारीक होतो, इतका की हवेतील त्याची मोजणी सूक्ष्मदर्शकाखाली करावी लागते; पाच मायक्रॉनपेक्षा लांब, तीन मायक्रॉनपेक्षा कमी जाड आणि जाडीच्या किमान तिप्पट लांब असलेले तंतूच या मोजणीत धरले जातात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढा बारीक तंतू नाकातील केस आणि श्वासनलिकेतील चिकट स्राव चुकवून थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसाच्या ज्या टोकांशी रक्त प्राणवायू घेते तेथवर जातो. तेथे बाहेरच्या कणांना गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी त्याच्यावर चाल करून येतात. परंतु तंतू पेशीपेक्षा लांब असल्यामुळे त्यांना तो पुरता गिळता येत नाही, आणि या अपुऱ्या झटापटीत त्या पेशी दाहकारक व ऑक्सिजनची अतिक्रियाशील रसायने सोडत राहतात. तंतूंमध्ये किंवा तंतूंवर असलेले लोह या रासायनिक माऱ्यात भर घालते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या या दाहातून एकीकडे फुप्फुसात व्रणासारखी घट्ट ऊती तयार होते आणि दुसरीकडे पेशींच्या गुणसूत्रांना इजा होत जाऊन त्यांतली एखादी पेशी कर्करोगाच्या वाटेला लागते.

या दोन परिणामांची नावे वेगळी आहेत आणि ती वेगळीच ठेवली पाहिजेत. फुप्फुसाचा लवचिकपणा हिरावून घेणाऱ्या व्रणीकरणाला ॲस्बेस्टोसिस म्हणतात; त्यात आधी जिना चढताना, मग सपाटीवर चालताना आणि अखेरीस बसल्या जागी धाप लागते. फुप्फुसाचा कर्करोग हा त्याहून निराळा आजार, आणि फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा हा तिसरा. मेसोथेलिओमा एरवी इतका दुर्मिळ आहे की तो आढळला म्हणजे रुग्णाच्या आयुष्यात कुठे ना कुठे ॲस्बेस्टॉस आला होता का, याचा शोध घेणे वैद्यकीय शिस्तच मानली जाते; त्याचा धूम्रपानाशी संबंध नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाचे तसे नाही. ॲस्बेस्टॉसमुळे झालेला आणि तंबाखूमुळे झालेला कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली सारखाच दिसतो, आणि म्हणूनच त्याचे खरे मूळ रुग्णाच्या कामाच्या इतिहासाखेरीज क्वचितच हाती लागते.

या ज्ञानाचा इतिहास सोलापूरकराला परका वाटू नये, कारण तो एका कापडगावातच घडला. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातले रॉचडेल हे सुती कापडाचे गाव. तेथील टर्नर बंधूंनी सूत आणि कापडाच्या धंद्यातूनच पुढे १८७९ मध्ये यंत्रशक्तीवर ॲस्बेस्टॉसचे कापड विणायला सुरुवात केली. सोलापुरात पहिली कापडगिरणी, जिला शहर आजही जुनी मिल म्हणते, ती १८७७ ची. दोन्हीकडे पिंजण, कताई आणि विणाई हीच खाती होती, कच्चा माल तेवढा वेगळा होता. रॉचडेलच्या त्या कारखान्यात कातकाम करणारी नेली केरशॉ ही कामगार स्त्री १९२४ मध्ये वारली आणि डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांचे वर्णन त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. १९२७ मध्ये त्यांनीच या आजाराला ॲस्बेस्टोसिस हे नाव रूढ केले. १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला, १९३१ मध्ये ब्रिटनने ॲस्बेस्टॉस कारखान्यांतील धुळीवर नियंत्रण आणणारे नियम केले. म्हणजे धूळ मारते, हे तेव्हाच कायद्याने मान्य केले होते.

कर्करोगाचा पुरावा १९५५ मध्ये आला आणि तो आकड्यांच्या भाषेत होता. रिचर्ड डॉल यांनी त्याच रॉचडेलच्या कारखान्यातील, धुळीच्या खात्यांत किमान वीस वर्षे काढलेल्या ११३ पुरुषांचा मागोवा घेतला. सर्वसाधारण लोकसंख्येच्या प्रमाणाने त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे ०.८ मृत्यू अपेक्षित होते, प्रत्यक्षात ११ झाले; डॉल यांनी निष्कर्ष काढला की वीस वा अधिक वर्षे काम केलेल्यांचा सरासरी धोका इतरांच्या सुमारे दहापट होता. हा अभ्यास प्रसिद्ध होऊ नये म्हणून कारखान्याच्या मालकांनी प्रयत्न केले होते, हेही पुढे कागदपत्रांतून उघड झाले. त्यानंतर १९६० मध्ये वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातील खाणपट्ट्यातून मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण दाखवून दिले, ज्यांत खाणीत कधी काम न केलेले, नुसते त्या परिसरात राहिलेले लोकही होते. आणि १९६५ मध्ये लंडनच्या न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी कामगारांचे धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या स्त्रियांपर्यंत हा आजार पोहोचतो हे नोंदवले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसला माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे, आणि त्यात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसला सूट नाही.

हे सर्व घडत असताना त्याच टर्नर घराण्यातून उभी राहिलेली टर्नर अँड न्यूअल ही कंपनी मुंबईत विस्तारत होती. १९३० च्या दशकात तिच्या भारतातील उपकंपनीने ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांचे उत्पादन सुरू केले व मुलुंडला कारखाना घातला, आणि डॉल यांचा निबंध प्रसिद्ध झाल्यानंतरच्या काळात घाटकोपर येथे ब्रेकचे लायनर व ॲस्बेस्टॉसचे कापड तयार करणारा हिंदुस्तान फेरोडो हा कारखाना भरभराटीला आला. मायदेशी ज्या धुळीबद्दल नियम होते, ती धूळ येथे मराठी मुलखातून रोजगारासाठी आलेल्या माणसांच्या वाट्याला आली; या क्रमाकडे योगायोग म्हणून पाहणे कठीण आहे. या कारखान्याचे नाव पुढे हिंदुस्तान कंपोझिट्स झाले. मुंबईच्या ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर या कामगारांच्या बाजूने काम करणाऱ्या संस्थेचे डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी तेथील कायम कामगारांची तपासणी करून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. २३२ पैकी १८१ कामगार तपासणीला आले आणि त्यांतील ४१ जणांना, म्हणजे जवळजवळ प्रत्येक चौथ्या माणसाला, ॲस्बेस्टॉसजन्य फुप्फुसविकार आढळला. देशात ॲस्बेस्टॉसच्या संपर्कातील कामगार एक लाखाच्या घरात असूनही भरपाई मिळालेले तीसदेखील नाहीत, असे त्याच निबंधात म्हटले आहे, आणि त्याची कारणे सांगताना व्यवसायजन्य आजार ओळखण्याच्या प्रशिक्षणाचा अभाव व क्षय किंवा जुनाट खोकला म्हणून केले जाणारे चुकीचे निदान यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. महाराष्ट्रातील या विषयावरचा हा सर्वांत मोलाचा दस्तऐवज होय, आणि तो कामगार संघटनेच्या साहाय्याने निर्माण झाला, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सोलापुरात ॲस्बेस्टॉसचे कापड विणणारी गिरणी नव्हती. येथला संपर्क विखुरलेला आहे आणि विखुरलेला असल्यामुळेच तो नजरेत भरत नाही. कापडगिरणी वाफेवर चालत असे. इंजिनाला वाफ लागे, सुताला कांजी चढवणाऱ्या खात्याला वाफ लागे, रंगाईला वाफ लागे, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगभर वाफेचे बॉयलर व नळ ॲस्बेस्टॉसच्या लेपाने किंवा दोरीने गुंडाळले जात. हा लेप बसवताना आणि त्याहूनही अधिक तो जुना होऊन खरवडून काढताना धूळ उडते. म्हणून कापडगिरणीत कताई करणाऱ्यापेक्षा बॉयलरवर काम करणारा, नळ जोडणारा फिटर आणि दुरुस्ती करणारा मिस्त्री यांची चौकशी आधी व्हायला हवी. कुर्डुवाडीचे उदाहरणही याच प्रकारचे आहे. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ मध्ये सुरू झाली, पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत वाढली, आणि तिच्या वाफेच्या इंजिनांची देखभाल कुर्डुवाडीच्या रेल्वे कार्यशाळेत होत असे. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर उष्णता धरून ठेवण्यासाठी ॲस्बेस्टॉसने वेढण्याची पद्धत सर्वत्र होती, आणि ब्रिटन-अमेरिकेत रेल्वे कार्यशाळांतील कामगार हा या आजाराचा एक ठरलेला बळी मानला गेला आहे. कुर्डुवाडीच्या निवृत्त कारागिरांना हा प्रश्न विचारणे म्हणूनच केवळ कुतूहलाचा भाग ठरत नाही.

आज चालू असलेला संपर्क बघायचा तर महामार्गालगतच्या गॅरेजांकडे वळावे लागते. पुणे-हैदराबाद आणि विजापूर-तुळजापूर या वाटा सोलापुरात एकमेकींना छेदतात. मालमोटारींच्या ब्रेकची कामे येथे रात्रंदिवस चालतात. ड्रम उघडून आतली साठलेली पूड कॉम्प्रेसरने हवा मारून उडवणे, जुने लायनर ठोकून काढणे आणि नवे बसण्यासाठी घासणे, ही तिन्ही कामे ॲस्बेस्टॉसयुक्त लायनर असल्यास धोक्याची आहेत. बिगर-ॲस्बेस्टॉस लायनर बाजारात आले असले तरी हातातला लायनर कोणत्या जातीचा आहे हे पोऱ्याला नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, आणि कपडे झटकत तो घरी जातो तेव्हा धूळही घरी जाते. त्यापुढचा संपर्क छपराचा. यंत्रमागांचे कारखाने, गोदामे आणि जुन्या कामगार वस्त्यांतली घरे यांवर सिमेंटचे पत्रे असतात, आणि उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला की त्यांवर चुना मारण्याची पद्धत आहे. पत्रा सिमेंटमध्ये घट्ट बांधलेला असेपर्यंत तंतू फारसे सुटत नाहीत. त्यामुळे अशा घरात राहणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. धोका कटरने कापणाऱ्याला, ड्रिलने भोके पाडणाऱ्याला, चुना लावण्यापूर्वी कोरडा ब्रश घासणाऱ्याला आणि जुने पत्रे फोडून खाली टाकणाऱ्याला असतो. हे काम करणारे बहुधा नाक्यावरून रोजंदारीवर घेतलेले असतात आणि त्यांची नावे कोणत्याच हजेरीपटावर नसतात.

यांत विडीची भर पडते, आणि येथे नीट थांबून विचार करणे भाग आहे, कारण सोलापूर हे विडीचे शहर आहे आणि विडीच्या आड इतर सर्व कारणे लपून जातात. अमेरिकेतील हॅमंड, सेलिकॉफ आणि साइडमन यांनी उष्णतारोधक लेप बसवणाऱ्या १७,८०० कामगारांचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. ॲस्बेस्टॉसही नाही आणि धूम्रपानही नाही अशा माणसाचा फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका १ धरला, तर केवळ ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेल्याचा सुमारे ५, केवळ धूम्रपान करणाऱ्याचा सुमारे ११ आणि दोन्ही असलेल्याचा सुमारे ५३ निघाला. दोन संकटे येथे एकमेकांना गुणतात. याच धंद्यातील कामगारांचा मार्कोविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास थोडे निराळे चित्र दाखवतो: केवळ ॲस्बेस्टॉस ३.६, केवळ धूम्रपान १०.३, दोन्ही एकत्र १४.४, म्हणजे साधारण बेरीज. परंतु ज्यांना ॲस्बेस्टोसिसही झाला होता अशा धूम्रपान करणाऱ्यांत हाच आकडा ३६.८ वर गेला. त्याच अभ्यासात धूम्रपान सोडल्यानंतर दहा वर्षांत या कामगारांतील कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, ही या साऱ्या विषयातली सर्वांत आश्वासक नोंद म्हणता येईल.

विडी ओढणारा कामगार कर्करोगाने गेला की दोष विडीचा, अशी समजूत रूढ आहे. वरच्या १९७९ च्या आकड्यांनी ती तपासून पाहावी. धोका ५३ असलेल्या माणसाच्या वाट्याला ॲस्बेस्टॉस आला नसता तर तो ११ राहिला असता. म्हणजे ५३ पैकी ४२ भाग धुळीवाचून घडले नसते. त्याने विडी ओढली नसती तर धोका ५ राहिला असता. म्हणजे ४८ भाग विडीवाचून घडले नसते. ४२ आणि ४८ यांची बेरीज ५३ हून अधिक होते, कारण यांतील बहुतांश मृत्यूंची जबाबदारी दोन्ही कारणांवर एकाच वेळी असते, आणि एकाचा दोष दाखवल्याने दुसऱ्याची सुटका होत नाही. विडी सोडणे कामगाराच्या हातात आहे आणि ती त्याने सोडलीच पाहिजे. पण धूळ रोखणे त्याच्या हातात नव्हते, आणि भरपाईचा प्रश्न निघाल्यावर विडीकडे बोट दाखवून फाइल बंद करणे हा सरळसरळ अन्याय आहे. फिनलंडमध्ये १९९७ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेले आणि हेलसिंकी निकष म्हणून ओळखले जाणारे मापदंडही हेच मानतात: एकूण संपर्क २५ तंतुवर्षांइतका झाला असेल तर धोका दुपटीला पोहोचतो व कर्करोगाचा संबंध ॲस्बेस्टॉसशी जोडता येतो, मग रुग्ण धूम्रपान करणारा असो वा नसो. तंतुवर्ष म्हणजे हवेच्या प्रत्येक मिलिलिटरमधील तंतूंची संख्या गुणिले कामाची वर्षे. मिलिलिटरला एक तंतू असलेल्या हवेत २५ वर्षे काय, किंवा पाच तंतू असलेल्या हवेत पाच वर्षे काय, हिशेब तोच.

निदानाच्या वाटेवर आणखी एक अडथळा आहे तो क्षयाचा. खोकला, धाप, वजन घटणे आणि एक्स-रेवर सावल्या दिसल्या की आपल्याकडे प्रथम क्षयाचा विचार होतो, आणि क्षयाचे प्रमाण पाहता तो व्हायलाच हवा. पण थुंकीत जंतू नाहीत, औषधांचा पूर्ण कोर्स होऊनही धाप वाढतच आहे, तर विचार पुढे न्यायला हवा. क्षयाच्या सावल्या बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात असतात, ॲस्बेस्टोसिसचे व्रण खालच्या भागातून सुरू होतात. पाठीवर खाली स्टेथोस्कोप लावला की श्वास आत घेताना बारीक करकर ऐकू येते, आणि काही रुग्णांच्या बोटांची टोके फुगीर होतात. छातीच्या आवरणावरील चुनखडीसारखे चट्टे एक्स-रेत दिसले तर ते जुन्या संपर्काची खूण असतात. सापडलेल्या आजाराची खातरजमा करण्यासाठी अधिक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन आणि जोराने फुंकून करायची स्पायरोमेट्री ही चाचणी लागते. कापडगिरणीच्या जुन्या कामगारात कापसाच्या धुळीने होणारा बायसिनोसिसही असू शकतो, ज्यात सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते. तो वेगळा आजार आहे, पण डॉक्टरने कामाचा इतिहास विचारला तर दोन्ही एकाच प्रश्नातून हाती लागतात.

कायद्याची बाजू दुबळी नाही, तिची अंमलबजावणी दुबळी आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या परिशिष्टात ॲस्बेस्टोसिसचा समावेश होता आणि कलम ८९ नुसार असा रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने त्याची माहिती कारखाना निरीक्षण यंत्रणेला कळवणे बंधनकारक होते. भरपाईच्या कायद्यातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा यांची नावे होती. हीच परंपरा नव्या कामगार संहितांनीही पुढे चालवली आहे. कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भाग ठरवला, आणि ॲस्बेस्टॉस उद्योगांना प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी सुरू झाल्यापासून चाळीस वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून पंधरा वर्षे, यांतील जी मुदत उशिरा संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला. ही मुदत आजाराचा लांबलेला सुप्तकाळ ओळखून ठरवलेली आहे. मात्र न्यायालयाने वापरावर बंदी घातली नाही. साठाहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. ब्रिटनने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा दरवाजा १९९९ मध्ये बंद केला, युरोपीय संघाने २००५ पर्यंत, नेपाळने २०१५ च्या सुमारास, कॅनडासारख्या एकेकाळच्या मोठ्या निर्यातदाराने २०१८ मध्ये आणि अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये. भारतात खाणीचे नवे परवाने १९८६ पासून थांबले, पण रशिया, कझाकस्तान व ब्राझील येथून दरवर्षी लाखो टन पांढरा ॲस्बेस्टॉस येतच आहे. पांढरा प्रकार सुरक्षितपणे वापरता येतो, हा उद्योगाचा युक्तिवाद कारखान्याच्या चार भिंतींत एकवेळ तपासता येईल. नाक्यावरून आलेला मजूर कटर लावून पत्रा कापतो तेथे तो टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटना कामाच्या ठिकाणच्या ॲस्बेस्टॉसमुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक मृत्यू होतात असे मानते आणि सर्व प्रकारांचा वापर थांबवणे हाच आजार रोखण्याचा प्रभावी मार्ग असल्याचे सांगते.

वापर थांबेपर्यंत करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. जुना पत्रा काढायचाच असेल तर त्यावर पाणी मारून तो ओला ठेवावा, फोडू नये, नटबोल्ट सोडवून अखंड उतरवावा. यंत्राने कापणे टाळावे. तुकडे झाडूने न लोटता ओल्या फडक्याने गोळा करावेत. ब्रेकची पूड हवेने न उडवता ओल्या कापडाने पुसावी. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा उपरणे हा तंतू अडवत नाही. किमान पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. कामाचे कपडे वेगळे ठेवून आधी पाण्यात बुडवावेत, झटकू नयेत, आणि ते धुण्याचे काम घरातल्या स्त्रीच्या माथी मारू नये.

सोलापूर जिल्ह्याला या प्रश्नात पुढाकार घेता येईल असे एक ठोस कारण आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील गावोगाव फिरून, दवाखान्यापर्यंत न पोहोचणाऱ्या रुग्णांना शोधून नोंद करण्याची तिची पद्धत पुढे इतरांना मार्गदर्शक ठरली. शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची जगप्रसिद्ध चाचणीही, जिचे निष्कर्ष २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने छापले, याच रुग्णालयाच्या बळावर पार पडली. म्हणजे घरोघर जाऊन काळजीपूर्वक मोजण्याची विद्या या मातीत रुजलेली आहे. तिला आता फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णाचा संपूर्ण कामाचा इतिहास जोडावा. केसपेपरवर मजूर किंवा निवृत्त एवढा एक शब्द पुरेसा नाही. कोणती गिरणी, कोणते खाते, बॉयलरशी, नळांशी, ब्रेकशी किंवा पत्र्यांशी काम पडले का आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, एवढे चार रकाने शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कामगार विमा रुग्णालय आणि खाजगी छातीरोगतज्ज्ञ यांनी भरायला सुरुवात केली, तर काही वर्षांतच जिल्ह्यातील या आजाराचे खरे प्रमाण समोर येईल.

निवृत्त कामगारांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी जुनी विमा कार्डे, भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्या, नेमणुकीची पत्रे आणि ओळखपत्रे टाकून देऊ नयेत, आणि छातीच्या तक्रारीसाठी दवाखान्यात जाताना ती सोबत न्यावीत. एखादा कामगार १९९० साली ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात लागला असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार त्याच्या आरोग्याची नोंद किमान २०३० पर्यंत जपून ठेवणे त्या कारखान्यावर आजही बंधनकारक आहे.